आधी मांसाची पेटी : फ्लॅट टॉप्समधले सहा दिवस

बुधवार, रात्री

गॅरेजच्या फरशीवर पाच प्लास्टिकच्या पेट्या ओळीने मांडल्या आहेत. झाकणांवर मार्करने लिहिलंय : मांस, झोप, चूल, औषध, कागद. भरायला सुरुवात मांसाच्या पेटीपासून केली. सुती पिशव्या ६, सुरी आणि तिची जादा पाती १२, रबरी हातमोजे, नायलॉनची दोरी १५ मीटर, हलकी ताडपत्री, खुणेसाठी नारिंगी फीत, डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांचे सेल वेगळ्या डबीत. एकेक वस्तू आत गेली की झाकणाच्या आत चिकटवलेल्या यादीवर खूण करायची. खूण हातातली वस्तू पेटीत ठेवल्यावरच, 'नंतर ठेवतो' म्हणून आधी नाही.

गेल्या वर्षी कोलोरॅडोतल्या याच फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात माझी पहिली शिकार झाली. संध्याकाळी साडेपाचला नर एल्क (इथलं थोराड हरीण) पडला, गाडीपासून ४ मैलांवर. पिशव्या गाडीत राहिलेल्या, सुरीची धार अर्ध्या कामात गेली, बॅटरी एकच आणि तीही मिणमिणती. रात्री अकरापर्यंत जेमतेम एक बाजू सुटली. खालच्या बाजूची मांडी हाडाकातड्यासकट रात्रभर तशीच पडून राहिली. एवढ्या मोठ्या जनावराची ऊब खुब्याच्या सांध्यात कोंडून राहते. बाहेर पाणी गोठत असलं तरी आत मांस आंबतं. सकाळी हाडालगत सुरी घातली आणि वास आला. २० किलोच्या आसपास मांस टाकावं लागलं. एवढा देखणा जीव घेतला आणि त्याचं अन्न मी नासवलं, हे वर्षभर मनातून गेलं नाही.

म्हणून यंदा आखणी शेवटापासून मागे केली. मांस घरी थंड पोचलं पाहिजे. मग बर्फ किती? पाठीवर खेपा किती? तेवढ्या खेपांना उजेड किती तास हवा? आणि तेवढा उजेड हवा असेल तर गोळी उशिरात उशिरा किती वाजता, गाडीपासून जास्तीत जास्त किती लांब? या हिशेबातून तीन ओळी निघाल्या. त्या परवान्याच्या पाकिटात लिहून ठेवल्या आहेत. २०० यार्डांपलीकडे गोळी नाही. गाडीपासून २ मैलांपलीकडे गोळी नाही. दुपारी तीननंतर १ मैलापलीकडे गोळी नाही.

हे घरीच, टेबलाशी बसून ठरवावं लागतं. समोर जनावर उभं असताना माणूस स्वतःला काहीही पटवून देतो.

गुरुवार

पहाटे साडेपाचला डेन्व्हरहून निघालो. बरोबर शेजारचे आजोबा. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून आम्हा सगळ्यांचेच ते आजोबा झाले. वय ६८, पन्नासएक वर्षं एल्कच्या मागे फिरलेले. शिकारीचं प्रशिक्षण मी सरकारी वर्गात घेतलं (१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही कोलोरॅडोत त्या दाखल्याशिवाय परवाना मिळत नाही), पण वारा कसा वाचायचा हे आजोबांनी शिकवलं.

निघताना फ्रिजवर एक कागद लावला. गाडी कुठे उभी असेल त्याचे अक्षांश-रेखांश, तंबूची जागा, रोज रात्री आठला सॅटेलाइट मेसेंजरवरून निरोप येईल, सकाळी आठपर्यंत आला नाही तर कोणत्या काउंटीच्या शेरीफला, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला, फोन करायचा. इथे डोंगरात हरवलेल्यांचा शोध शेरीफच्या अखत्यारीत असतो, आणि शिकारीच्या परवान्याच्या पैशांतले काही सेंट त्या शोधपथकांच्या निधीला जातात. यंत्रात तीन निरोप आधीच भरून ठेवले : 'सुखरूप आहे', 'शिकार झाली, उशीर होईल', 'बेत बदलला, काळजी नको'. बायकोने कागद वाचला आणि खाली पेनाने लिहिलं, 'लक्ष्मीपूजनाला घरी ये.' पुढच्या शुक्रवारी लक्ष्मीपूजन. म्हणजे हातात शनिवार, रविवार, सोमवार, फार तर मंगळवार.

आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगदा ओलांडला. समुद्रसपाटीपासून ३,४०० मीटरवरचा हा बोगदा. पलीकडे उतरलं की हवाच वेगळी. पुढे रायफल नावाचं गाव लागतं, तिथून उत्तरेला वळून मीकर. मग व्हाइट रिव्हरच्या काठाने पूर्वेला, डांबरी रस्ता संपेपर्यंत.

गावाकडच्या नातेवाइकांना हे सगळं पचत नाही, आणि ते मला समजतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ती योग्यच झाली आणि बंदच राहावी. इथली गोष्ट वेगळी आहे. शतकभरापूर्वी बेसुमार शिकारीने कोलोरॅडोतले एल्क जवळजवळ संपले होते. वायोमिंगमधून आणून पुन्हा सोडावे लागले. आज राज्यात पावणेतीन-तीन लाख एल्क आहेत, अमेरिकेतल्या इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. कुठे, कोणत्या आठवड्यात, नर की मादी, हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं. त्या खात्याचा मोठा खर्च परवान्यांतून निघतो. शिवाय १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, तोही वन्यजीवांसाठीच राखून ठेवलेला. मी वर्षभर दुकानातलं कोंबडीचं मांस आणतो तेव्हा कुणी काही विचारत नाही. हे मांस मात्र कुठून आलं, कसं आलं, याचं उत्तर मला स्वतःला द्यावं लागतं. मला ते हवं आहे.

संध्याकाळी चारला तंबू उभा राहिला. २,७०० मीटर. डोकं किंचित जड.

शुक्रवार

मुद्दाम मोकळा ठेवलेला दिवस. आल्या आल्या डोंगर चढायला लागलं की उंचीचा त्रास होतो आणि पुढचे तीन दिवस वाया जातात. पाणी प्यायलो, दुर्बीण घेऊन बसलो, लाकडं फोडली. खाण्याच्या पिशव्या गाडीत बंद. अस्वलं थंडीच्या झोपेआधी सपाटून खात असतात.

दुपारी आजोबांबरोबर नकाशा. फोनवर जमिनीच्या मालकीचा नकाशा उतरवून घेतला आहे, शिवाय कागदी नकाशा वेगळा. खाजगी कुरणाची हद्द लाल पेनाने गडद केली. आमचा उतार फ्लॅट टॉप्सच्या राखीव रानात येतो. तिथे इंजिनच काय, चाकही चालत नाही, हातगाडीसुद्धा नाही. इथून जवळच ट्रॅपर्स लेक आहे. १९१९ मध्ये वनखात्याने आर्थर कार्हार्ट नावाच्या तरुणाला तिथे बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलं. तो परत आला तो, या तळ्याकाठी काहीही बांधू नका, असं सांगत. तळं तसंच राहिलं. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच्यासारख्यांमुळे या रानात आजही सगळं पाठीवरून न्यावं लागतं, आणि ते तसंच असावं.

शनिवार, हंगामाचा पहिला दिवस

चारला उठलो. पोहे रात्रीच कोरडे मिसळून ठेवले होते : भाजके पोहे, दाणे, मीठ, साखर, दुधाची पावडर, गरम पाणी ओतलं की झालं. अंगावर नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. रायफलीच्या मोसमात ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर असणं सक्तीचं आहे.

सूर्योदय साडेसातच्या पुढे. त्याआधी अर्धा तास कायद्याने गोळी झाडता येते. सातला समोरच्या उतारावर आठ-दहा नारिंगी ठिपके मोजले. माणसं. एल्क दिसले ते नऊला, बारा माद्या आणि एक कोवळा नर. त्याच्या शिंगांना फाटे नव्हते, सरळ दोन काठ्या. इथे नर मारायचा तर एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळालगतचं टोक निदान ५ इंच हवं. दुर्बिणीतून त्याच्याकडे पाहत राहिलो. तोंडातून वाफ निघत होती, कानाला टिचकी मारल्यासारखा कान हलायचा. वीस मिनिटांनी सगळे अंधाऱ्या झाडीत गेले.

बाकी दिवस काही नाही. आठला निरोप : सुखरूप आहे.

रविवार

हा दिवस मला फार दिवस आठवेल.

सकाळी आमच्या तळापासून उत्तरेच्या खोऱ्यात उतरलो. या डोंगरात १९४० च्या दशकात भुंगेऱ्यांनी स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळवली. नंतरही वादळं आणि वणवे झाले. तेव्हापासूनची झाडं एकमेकांवर आडवी पडलेली आहेत. एका मैलाला तासाहून जास्त लागतो. माग होता, ताजी विष्ठा होती, म्हणून उतरत गेलो. दुपारी चारला फोनवर पाहिलं : गाडी सव्वातीन मैल.

सव्वापाचला तो बाहेर आला. १४० यार्ड. दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं, मान काळीभोर, अंग वाळलेल्या गवताच्या रंगाचं. वारा त्याच्याकडून माझ्याकडे. आडवा उभा. रायफल सॅकवर टेकलेली होती, श्वास शांत होता, बोट ट्रिगरच्या बाहेर.

मी पाकीट काढलं नाही. ओळी पाठच होत्या. पण हिशेब पुन्हा केला, कारण मन पळवाट शोधत होतं. सूर्यास्त सव्वासहाला. सुटं करायला तीन तास. अंधारात त्या आडव्या झाडांतून ९०-१०० किलो मांस, म्हणजे पाच खेपा, प्रत्येक खेप सव्वातीन मैल. आजोबांना यातली एकही जमली नसती. उद्या दुपारपर्यंत निम्मं मांस तिथेच असतं, आणि दिवसा ऊन १२ अंशांपर्यंत चढत होतं. मला तो खुब्याजवळचा वास आठवला.

तो सात-आठ मिनिटं चरला आणि निघून गेला. मी नळीतली गोळी काढली. परतायला साडेतीन तास लागले.

आठचा निरोप चुकला, साडेनऊला गेला. घरून उत्तर आलं : 'दीड तास. कागदासमोरच बसले होते.' पुढच्या वेळी मी वाटेत असतानाही आठला थांबून निरोप धाडणार.

आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी सूप ढवळणं थांबवलं नाही. म्हणाले, "मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा झाडली असती. आणि दोनदा तसं मांस गमावलंय. कुणाला सांगितलं नाही."

सोमवार, वसुबारस

रात्री चिमूटभर बर्फ पडला. आजोबा म्हणाले, आज लांब जायचं नाही. जवळच्या धारेखाली ॲस्पेनची झाडं संपून स्प्रूस सुरू होतात, तिथे बसायचं. गाडीपासून दीड मैल. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते, म्हणून जनावराच्या खालच्या अंगाला राहायचं. ऊन लागलं की हवा वर चढायला लागते, मग जागा बदलावी लागते. त्यांच्याकडे टाल्कम पावडरची छोटी बाटली आहे. ती दाबली की पांढरा धूर कुठे जातो ते दिसतं. साडेसातला धूर आमच्या मागे, खाली चालला होता.

सात पन्नासला तीन नर एका ओळीत. पहिल्याला फाटे नाहीत. दुसरा झाडाआड. तिसऱ्याच्या डाव्या शिंगाची टोकं मी मोजली, पुन्हा मोजली, आणि आजोबांना कुजबुजत विचारलं. "चार," ते म्हणाले. "पाहिजे तर अजून एकदा मोज." ११० यार्ड. एक गोळी. तो चाळीस पावलं चालला आणि बसला.

अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. मग जवळ गेलो. त्याच्या मानेवर हात ठेवला. केस दाट, मुळाशी राखाडी आणि उबदार. मी नमस्कार केला. आजोबांनी टोपी काढली.

मग कामाला लागलो. परवान्याचा तुकडा फाडून तारीख घातली, सही केली. मांसाच्या पेटीतलं सगळं सॅकमध्ये होतं, हात घालीन तिथे वस्तू होती. पोट न फाडता काम करण्याची पद्धत आहे : पाठीवरून कातडं सोडवायचं, वरच्या बाजूचा पुढचा पाय, मग मांडी, मग कण्यालगतची लांब पट्टी, मग जनावर उलटवून दुसरी बाजू. मांडी सुटली तशी मी आधी खुब्याचा सांधा उघडला आणि हाड मोकळं केलं. आतून वाफ निघाली. पाती तीनदा बदलली. नर असल्याचा पुरावा मांसाच्या एका मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहावा लागतो, तो तसा ठेवला. प्रत्येक पिशवी भरली की तिच्या तोंडाला फितीचा तुकडा आणि त्यावर आकडा. १ नंबरची पिशवी खुब्याजवळच्या मांसाची. सगळ्या शंभर पावलांवर सावलीत दोरीला टांगल्या. ताडपत्रीवर एक कणही मातीला लागला नाही. पाऊण तासात करड्या रंगाचे 'ग्रे जे' नावाचे पक्षी आले आणि हाडांवर बसले.

पावणेअकराला उरकलं. पहिली खेप अकराला निघाली, २३ किलो. पाठीवर ते वजन ओलं आणि जिवंत वाटतं, दगडासारखं नाही. दीड मैलाला सव्वा तास. गाडीशी पोचलो की पिशवी कूलरमध्ये. दुधाच्या गॅलनच्या १६ बाटल्या पाण्याने भरून आठवडाभर गोठवून आणल्या होत्या. बर्फ वितळून मांस पाण्यात बसू नये म्हणून खडे न आणता बाटल्याच. वाटेत शंकरपाळे आणि चिवडा. बायकोने फराळ आधीच करून दिला होता, आणि चढावर तोंडात टाकायला शंकरपाळ्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या तीन खेपा झाल्या, आजोबांच्या दोन : पहिलीत कण्यालगतच्या पट्ट्या, दुसरीत डोकं. शेवटची पिशवी पावणेपाचला गाडीत. उजेड अजून दीड तास शिल्लक होता.

त्या दीड तासात मी गाडीच्या फळीवर नुसता बसून राहिलो. आठच्या ठोक्याला निरोप गेला.

मंगळवार, धनत्रयोदशी

तंबू उलट्या क्रमाने पेट्यांत. मीकरला वन्यजीव खात्याच्या कार्यालयात डोकं दिलं. हरीणवर्गात एक मेंदूचा आजार आहे, प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाने होणारा. १९६७ मध्ये तो पहिल्यांदा कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात दिसला. तो माणसाला झाल्याचं उदाहरण नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे, आणि प्रिऑन शिजवून मरत नाही. मानेतल्या गाठी तपासतात. पावतीवरचा नंबर मी लगेच सगळ्या पिशव्यांच्या फितींवर लिहिला.

संध्याकाळी सहाला घरी. मुलगी दारात पणत्या लावत होती. दिवाळीत हे मांस आमच्या घरात येणार नाही, हे आधीच ठरलं होतं. आजोबांच्या गॅरेजातल्या जुन्या फ्रिजचे कप्पे काढून, आत थर्मामीटर ठेवून तो दोन अंशांवर आणून ठेवला होता. भाऊबीज होईपर्यंत मांस तिथे मुरलं.

नंतर

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी आजोबांच्या टेबलावर कापाकापी केली. ८४ किलो. प्रत्येक पुडक्यावर तारीख, भाग, पिशवीचा आकडा, तपासणीचा नंबर आणि 'थांबा'. पेट्या धुऊन वाळवल्या आणि मांसाची पेटी लगेच पुन्हा भरली. दोरी आता १५ ऐवजी २० मीटर.

तुळशीच्या लग्नानंतर दोन दिवसांनी ईमेल आली : आजार आढळला नाही. बायको म्हणाली, "आजोबांना जेवायला बोलाव."

मी १ नंबरच्या पिशवीतलं पुडकं वितळायला ठेवलं. संध्याकाळी कागद सोडून तुकडा हातात घेतला, हाडाकडची बाजू वर केली आणि नाकाजवळ नेली. गवताचा आणि लोखंडाचा वास होता. दुसरा कसलाही नाही.

"काय झालं?" बायकोने विचारलं. कांदा-खोबरं भाजून वाटण तयार होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "चांगलं आहे."

तिने तेल तापायला ठेवलं.